शाळेतील मुलांची माहिती आणि पालकांची संमती : कायदा काय सांगतो?

जून महिन्यात शाळा सुरू झाली की वर्गशिक्षक पालकांकडे कागद मागू लागतात. जन्मदाखला, आधार कार्डाची झेरॉक्स, बँक पासबुकाचे पहिले पान, जातीचा दाखला, दोन फोटो. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका कागदाची भर पडली आहे. तो म्हणजे ‘अपार’चे संमतीपत्र. बहुतेक पालक ते वाचत नाहीत. बाईंनी किंवा सरांनी सांगितले म्हणून सही करतात. ज्यांना लिहिता येत नाही ते अंगठा उमटवतात.

ही सही नेमकी कशासाठी असते? ती केली नाही तर मुलाचे काही अडते का? एकदा दिलेली संमती परत घेता येते का? जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना पडणारे हे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे वेगवेगळे कायदे, न्यायालयाचे निकाल आणि सरकारी परिपत्रके यांत विखुरलेली आहेत.

शाळेकडे मुलाची कोणती माहिती असते?

शाळेतला सर्वांत जुना दस्तऐवज म्हणजे जनरल रजिस्टर. मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म-जात, आईवडिलांचे नाव, प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख ही त्यातली माहिती. शाळा सोडल्याचा दाखला याच रजिस्टरवरून तयार होतो आणि पुढे जातपडताळणीपासून पासपोर्टपर्यंत कामी येतो. हे रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात असते. ते पाहायचे तर शाळेत जावे लागते.

आता या रजिस्टराच्या जोडीला संगणकावरची नोंद आली आहे. केंद्र सरकारच्या ‘यू-डायस प्लस’ या प्रणालीत २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. त्याआधी शाळा फक्त आकडे कळवत असे. पाचवीत मुली किती, मुलगे किती, एवढेच. आता नाव, जन्मतारीख, आईवडिलांचे नाव, मोबाइल क्रमांक, सामाजिक प्रवर्ग, दारिद्र्यरेषेखालील असल्यास ती नोंद, दिव्यंगत्व, मागील वर्षाचा निकाल, उंची, वजन, रक्तगट अशी माहिती एकेका मुलाच्या नावाने भरली जाते. प्रत्येक मुलाला ‘पर्मनंट एज्युकेशन नंबर’ मिळतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १४.७२ लाख शाळा आणि २४.८ कोटी विद्यार्थी होते. यावरून या नोंदींचा आवाका लक्षात येतो.

महाराष्ट्रात हे काम त्याहून आधी सुरू झाले होते. राज्याची ‘सरल’ ही प्रणाली २०१५ मध्ये आली. तिच्यातही प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र क्रमांक दिला जातो.

ही गरज कुठून निर्माण झाली?

शाळेतली पटसंख्या आणि सरकारी पैसा यांचा थेट संबंध असतो. पटावर मुले किती, यावर शिक्षकांची पदे, पोषण आहाराचा तांदूळ, गणवेश आणि अनुदान ठरते. त्यामुळे काही ठिकाणी कागदोपत्री मुले दाखवण्याचे प्रकार होत. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात एकाच वेळी सर्व शाळांची पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी करण्यात आली आणि अनेक शाळांत बोगस पट उघडकीस आला. प्रत्येक मुलाची स्वतंत्र, पडताळता येणारी नोंद हवी ही मागणी त्यानंतर जोर धरू लागली.

या नोंदींचा फायदाही आहे. ऊसतोडणीसाठी आईवडिलांबरोबर जाणारे मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेले, तर त्याचा माग ठेवता येतो. एखादे मूल शाळाबाह्य झाले का, हे कळते. शिष्यवृत्ती थेट खात्यात जमा करता येते. त्यामुळे माहिती गोळा करूच नये असा युक्तिवाद फारसे कोणी करत नाही. वाद आहे तो किती माहिती, कोणासाठी, किती काळ आणि कोणाच्या परवानगीने, यावर.

न्यायालयाने काय म्हटले आहे?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. सरकारला या हक्कावर मर्यादा घालायची असेल, तर त्यासाठी कायदा हवा, योग्य उद्देश हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा.

पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, आधार कायद्याबाबतचा निकाल आला. त्यात शाळकरी मुलांविषयी स्वतंत्र विवेचन आहे. न्यायालयाने पुढील गोष्टी स्पष्ट केल्या :

मुलाची आधार नोंदणी पालकांच्या संमतीनेच करता येईल.

शाळाप्रवेश ही सरकारी अनुदानासारखी ‘सवलत’ नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. म्हणून प्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही.

केवळ आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही. ओळख पटवण्यासाठी इतर कागदपत्रे चालतील.

२०१९ मध्ये आधार कायद्यात दुरुस्ती झाली आणि मुलांविषयीची तरतूद कायद्यातच आली. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर सहा महिन्यांच्या आत ते स्वतःचा आधार क्रमांक रद्द करण्यासाठी अर्ज करू शकते. पालकांनी दिलेली संमती मुलाला आयुष्यभर बांधून ठेवू नये, हा त्यामागचा विचार.

‘अपार’ म्हणजे काय?

‘अपार’ हे एका लांबलचक इंग्रजी नावाचे लघुरूप आहे. ‘एक देश, एक विद्यार्थी ओळख’ अशी त्याची ओळख करून दिली जाते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीचा भाग म्हणून केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यांना याबाबत कळवले. प्रत्येक विद्यार्थ्याला बारा अंकी क्रमांक मिळतो. तो डिजिलॉकरला जोडलेला असतो. गुणपत्रिका, प्रमाणपत्रे आणि महाविद्यालयातले क्रेडिट गुण त्या क्रमांकाखाली साठवले जातात. हा क्रमांक तयार होण्यासाठी आधार लागते आणि आधारवरची माहिती शाळेतल्या नोंदीशी जुळावी लागते.

मूल अठरा वर्षांखालील असल्याने आधारची माहिती मंत्रालयाला देण्यासाठी पालकांची लेखी संमती घेतली जाते. संमतीपत्रात काय लिहिले आहे, ते वाचण्यासारखे आहे. मुलाचे नाव, पत्ता, वय, जन्मतारीख, लिंग, छायाचित्र ही माहिती शैक्षणिक कामाशी संबंधित यंत्रणांना देता येईल, असे त्यात म्हटले आहे. यू-डायस प्लस, शिष्यवृत्ती, शैक्षणिक नोंदी यांच्याबरोबर शिक्षणसंस्था आणि नोकरभरती करणाऱ्या संस्थांचाही त्यात उल्लेख आहे. संमती केव्हाही मागे घेता येईल, असेही त्यात आहे. मात्र तोपर्यंत ज्या माहितीवर प्रक्रिया झाली, तिच्यावर संमती मागे घेतल्याचा परिणाम होणार नाही.

थोडक्यात, दुसरीतल्या मुलाच्या पालकाची सही त्या मुलाच्या नोकरीच्या वयापर्यंत पुरणारी आहे.

ऐच्छिक असूनही सक्तीचे का वाटते?

अपार ऐच्छिक आहे, अशी केंद्र सरकारची भूमिका आहे. संमतीपत्र असणे हाच त्याचा पुरावा आहे, कारण सक्तीच्या गोष्टीसाठी संमती मागितली जात नाही. तरीही शाळेच्या पातळीवर चित्र वेगळे दिसते. डिसेंबर २०२४ मध्ये देशभर ‘मेगा अपार दिवस’ ठेवण्यात आले. ठिकठिकाणी शाळांना शंभर टक्के नोंदणीचे लक्ष्य मिळाले.

लक्ष्य शंभर टक्के असेल, तर ‘नाही’ म्हणणारा पालक हा यंत्रणेसाठी अपूर्ण राहिलेले काम ठरतो. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना, तिथून केंद्रप्रमुखांना आणि शेवटी मुख्याध्यापकांना विचारणा होते. कोणत्या शाळेचे किती टक्के झाले, याची यादी व्हॉट्सॲप गटावर फिरते. वर्गशिक्षक मग पालकांना पुन्हा पुन्हा फोन करतात. शिक्षक मुद्दाम दबाव आणतात असे नाही. त्यांच्यावरचा दबाव पालकांपर्यंत पोहोचतो.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. शिक्षकांची पदे ठरवणारी संच मान्यता अलीकडच्या काळात आधार वैध ठरलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येशी जोडली गेली. नावातल्या एका वेलांटीच्या फरकाने, जन्मतारखेच्या चुकीने किंवा बायोमेट्रिक अद्ययावत न केल्याने मुलाचे आधार जुळले नाही, तर ते मूल वर्गात रोज बसूनही मोजणीत गळू शकते. छोट्या गावातल्या शाळेत अशी पाच-सात मुले गळली, तर एका शिक्षकाचे पद धोक्यात येते. अशा वेळी शाळेला पालकांची सही हवी असते ती शाळा टिकवण्यासाठी. पालकांनाही ते दिसते. मग ‘नाही’ म्हणण्याची किंमत आपल्या मुलाला आणि गावाला मोजावी लागेल, अशी भीती वाटते.

कायद्याच्या भाषेत संमती ‘मुक्त’ हवी. जिथे नकार देण्याची मोकळीक नाही, तिथे घेतलेली सही संमती ठरते का, हा या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

नवा कायदा काय म्हणतो?

‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा’ ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असून माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत आहे.

या कायद्यातल्या मुलांसंबंधीच्या प्रमुख तरतुदी अशा :

अठरा वर्षांखालील प्रत्येक जण ‘मूल’ आहे. अमेरिकेत मुलांच्या ऑनलाइन माहितीच्या कायद्यात ही मर्यादा तेरा वर्षे आहे. युरोपात ती सोळा असून सदस्य देशांना तेरापर्यंत खाली आणता येते.

मुलाची माहिती वापरण्याआधी आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांची पडताळता येईल अशी संमती हवी. संमती देणारी व्यक्ती खरोखर प्रौढ आहे, याची खात्री करावी लागते.

संमती मुक्त, ठरावीक कामापुरती, माहिती देऊन घेतलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी. ती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे.

संमतीची विनंती सोप्या भाषेत हवी. ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत पाहण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्या परिशिष्टात आहे. म्हणजे मराठी पालकाला मराठीत मजकूर मागता येतो.

मुलांच्या हालचालींवर किंवा वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना उद्देशून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे.

मुलांविषयीच्या जबाबदाऱ्या मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारींसाठी माहिती संरक्षण मंडळाची तरतूद आहे.

शाळांना आणि सरकारला मिळालेल्या सवलती

वरच्या तरतुदी कडक वाटतात, पण त्यांना अपवाद आहेत आणि ते नेमके शाळेशी संबंधित आहेत. नियमांनुसार शिक्षणसंस्था शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी मुलांवर देखरेख ठेवू शकतात. त्यासाठी पालकांची पडताळलेली संमती लागत नाही. हजेरी, प्रगतीची नोंद, शाळेच्या आवारातले कॅमेरे, स्कूल बसचे ठिकाण दाखवणारे यंत्र या गोष्टी त्यामुळे शक्य होतात. शाळा चालवायची तर यांतल्या बऱ्याच गोष्टी लागतात. मात्र ‘शैक्षणिक काम’ या शब्दांची हद्द कुठे संपते, हे पुढे मंडळाला आणि न्यायालयांना ठरवावे लागेल.

दुसरी सवलत सरकारला आहे. अनुदान, लाभ, सेवा किंवा दाखला देण्यासाठी सरकारला काही परिस्थितीत नव्याने संमती न घेता माहिती वापरता येते. शिवाय माहिती पुसून टाकण्याचा जो हक्क नागरिकांना खासगी कंपनीकडे मागता येतो, तो सरकारी यंत्रणेने वापरलेल्या माहितीला लागू नाही. त्यामुळे खासगी शिकवणीच्या ॲपला ‘माझ्या मुलीची माहिती काढून टाका’ असे सांगता येईल, पण सरकारी प्रणालीबाबत तोच आग्रह या कायद्याच्या आधारे धरता येणार नाही. संमती मागे घेतल्यावर पुढचा वापर थांबतो. आधी साठलेले तिथेच राहू शकते.

माहिती फुटली तर काय होते?

करोनाच्या काळात देशभरातल्या सरकारी शाळांतल्या मुलांनी ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचे ॲप वापरले. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बातमीनुसार या ॲपची माहिती साठवणारा एक सर्व्हर वर्षभराहून अधिक काळ असुरक्षित राहिला होता. दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, फोन क्रमांक आणि ईमेल त्यावर उघडे होते. सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची काही माहितीही त्यात होती. त्याआधी मे २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने ४९ देशांतल्या सरकारांनी सुचवलेली शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळे तपासली होती. दहापैकी जवळपास नऊ उत्पादने मुलांच्या हक्कांना बाधा येईल अशा रीतीने माहिती हाताळत असल्याचा निष्कर्ष तिने काढला.

मुलांच्या बाबतीत अशा गळतीचे परिणाम लांबवर जातात. मोठ्या माणसाला पासवर्ड बदलता येतो, फोन क्रमांक बदलता येतो. जन्मतारीख, आईचे नाव, जात, दिव्यंगत्व आणि बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. सातवीत नापास झाल्याची किंवा वर्तनाबद्दलची नोंद पंधरा वर्षांनी नोकरी देणाऱ्यापुढे गेली, तर त्या वेळी त्या तरुणाला उत्तर देण्याची संधीही मिळणार नाही.

अमेरिकेत पालकांच्या विरोधामुळे असा एक मोठा प्रकल्प बंद पडल्याचे उदाहरण आहे. ‘इनब्लूम’ ही संस्था अनेक राज्यांतल्या विद्यार्थ्यांची माहिती एका ठिकाणी साठवणार होती. त्यासाठी सुमारे १० कोटी डॉलरचा निधी होता. माहिती कोणाला दिली जाईल, याचे समाधानकारक उत्तर पालकांना मिळाले नाही. एकेक राज्य बाहेर पडत गेले आणि २०१४ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला. त्या देशात १९७४ पासूनच्या कायद्याने पालकांना मुलाची शाळेतली नोंद पाहण्याचा आणि चुकीची नोंद दुरुस्त करून मागण्याचा हक्क आहे.

सर्वांत जवळची गळती

मोठ्या सर्व्हरची चर्चा होते, पण माहिती बाहेर जाण्याची सर्वांत नेहमीची वाट म्हणजे वर्गाचा व्हॉट्सॲप गट. ‘खालील मुलांचे आधार जुळत नाही’ असे लिहून नाव, जन्मतारीख आणि आधार क्रमांकासह यादी गटावर टाकली जाते. शिष्यवृत्तीच्या यादीत जात आणि बँक खाते दिसते. आधार कायद्यानुसार कोणाचाही आधार क्रमांक असा जाहीर करता येत नाही. अशी यादी टाकण्याऐवजी ज्या त्या पालकाला स्वतंत्र निरोप देणे, किंवा फक्त हजेरी क्रमांक लिहिणे, हा साधा उपाय आहे.

फोटोंचेही तसेच. पोषण आहार खाताना, मोफत वह्या किंवा सायकल घेताना काढलेले मुलाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकले जाते, तेव्हा त्या मुलाची आर्थिक स्थितीही जाहीर होते. एखाद्या गुन्ह्यात पीडित असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास तर पॉक्सो आणि बाल न्याय कायद्याने बंदी आहे. त्यात शाळेचे नावही येते.

पालकांना काय करता येते?

शाळेत मागितल्या जाणाऱ्या माहितीचे ढोबळमानाने तीन भाग पाडता येतात. पहिला भाग प्रवेश, हजेरी आणि निकाल यांचा. ही नोंद शाळेला ठेवावीच लागते. दुसरा भाग आधार आणि अपार यांचा. इथे पालकांची संमती लागते आणि नकार देता येतो. तिसरा भाग खासगी ॲप, फोटो, स्पर्धा, शिकवण्या यांचा. इथे माहिती देणे पूर्णपणे पालकांच्या मर्जीवर असते. समोर आलेला कागद यांपैकी कोणत्या भागातला आहे, हे आधी विचारावे.

सही करण्यापूर्वी संमतीपत्र मराठीत मागावे आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. कोऱ्या कागदावर किंवा रिकाम्या रकान्यांवर सही करू नये.

नकार द्यायचा असेल किंवा दिलेली संमती मागे घ्यायची असेल, तर मुख्याध्यापकांना साध्या कागदावर अर्ज लिहावा आणि पोच घ्यावी. तोंडी नकाराची नोंद राहत नाही.

आधारची झेरॉक्स द्यावी लागली, तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत पुरेशी आहे का, ते विचारावे. प्रतीवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहावी.

आधार नाही किंवा जुळत नाही म्हणून प्रवेश, पोषण आहार किंवा पुस्तके नाकारली जात असतील, तर २०१८ च्या निकालाचा उल्लेख करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते.

एकट्या पालकाला जे बोलता येत नाही, ते शाळा व्यवस्थापन समितीत बोलता येते. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. व्हॉट्सॲप गटावर याद्या टाकू नयेत, मुलांचे फोटो विचारल्याशिवाय वापरू नयेत, संमतीपत्र वाचून दाखवावे, असे ठराव समितीला करता येतात. त्यासाठी नव्या कायद्याच्या अंमलबजावणीची वाट पाहावी लागत नाही.

शिक्षकांसाठीही असा ठराव उपयोगाचा असतो. शंभर टक्के का झाले नाहीत, या वरच्या विचारणेला ‘पालकांनी लेखी नकार दिला आहे’ हे नियमात बसणारे उत्तर आहे. पालकांचा अर्ज फाइलला लावला की शिक्षकाचे काम पूर्ण होते, आणि मूल दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे वर्गात बसते.